हरणाऱ्या संघात राबणारा माणूस: अँडरसन वारेझाव आणि क्लीव्हलंडचे चाहते (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला क्लीव्हलंड कॅव्हेलियर्स हा संघ २०१०-११ ते २०१३-१४ या चार हंगामांत ३१२ सामने खेळला आणि त्यांपैकी २१५ हरला. या पडझडीच्या काळात क्लीव्हलंडच्या प्रेक्षकांनी ज्याच्यावर मनापासून माया केली, तो संघातला सर्वांत जुना खेळाडू होता, ब्राझीलचा अँडरसन वारेझाव. त्याच्याविषयी आणि त्या मायेविषयी बास्केटबॉल नव्याने पाहू लागलेले वाचक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती लिहिणारा स्वतः त्याचा चाहता आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

वारेझाव हा नेमका कोण?

अँडरसन वारेझावचा जन्म १९८२ साली ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो या राज्यात झाला. ब्राझीलमधील फ्रांका या क्लबकडून खेळून तो स्पेनमध्ये बार्सिलोनाला गेला आणि २००३ मध्ये युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा जिंकणाऱ्या बार्सिलोना संघात तो होता. २००४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करतात त्या प्रक्रियेत, ऑर्लँडो मॅजिकने त्याला तिसाव्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या आरंभी निवडले, आणि नवा हंगाम सुरू होण्यापूर्वीच अदलाबदलीत तो क्लीव्हलंडकडे आला. दुसऱ्या फेरीत निवडलेल्या खेळाडूकडून फारशी अपेक्षा नसते. त्यांतले कित्येक जण एक-दोन हंगामांतच लीगबाहेर जातात. हा मात्र बारा हंगाम त्याच संघात राहिला.

सहा फूट दहा-अकरा इंच उंची, डोक्यावर कुरळ्या केसांचे मोठे रान, ते आवरण्यासाठी कपाळावर पट्टा आणि पाठीवर १७ क्रमांक, असा तो कोर्टच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येई.

नावाचा योग्य उच्चार काय?

पोर्तुगीज भाषेत शेवटचा स्वर नाकातून येतो, त्यामुळे मूळ उच्चार ‘वारेझाँव’ याच्या जवळ जातो. काही जण ‘वारेजाओ’ असेही लिहितात. येथे सोयीसाठी ‘वारेझाव’ असे लिहिले आहे.

संघ इतका का कोसळला?

संघाचा सर्वांत मोठा तारा लेब्रॉन जेम्स गेला म्हणून. २००८-०९ मध्ये कॅव्हेलियर्सनी ६६ आणि २००९-१० मध्ये ६१ सामने जिंकले होते, आणि दोन्ही वर्षी त्यांच्याएवढे विजय दुसऱ्या कोणत्याही संघाचे नव्हते. जुलै २०१० मध्ये लेब्रॉनने मायामी हीटची वाट धरली. त्याच उन्हाळ्यात जुना लिथुआनियन सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) झिद्रुनास इल्गाउस्कासही तिकडेच गेला आणि प्रशिक्षक माइक ब्राउन यांना संघाने आधीच निरोप दिला होता. लेब्रॉनभोवती उभारलेला सगळा डोलारा तसाच राहिला. मधला खांब तेवढा नाहीसा झाला.

पुढच्याच हंगामात ६१ विजयांचे १९ झाले. डिसेंबर २०१० ते फेब्रुवारी २०११ या काळात संघ सलग २६ सामने हरला, आणि त्या वेळी एनबीएच्या इतिहासात सलग इतके सामने कोणी हरले नव्हते. ११ जानेवारी २०११ रोजी लॉस एंजेलिस लेकर्सनी त्यांना ११२-५७ असे, म्हणजे ५५ गुणांनी हरवले. ही मालिका ११ फेब्रुवारीला क्लिपर्सविरुद्ध जादा वेळेत तुटली, तेव्हा प्रेक्षकांनी साध्या साखळी सामन्याचा विजय अंतिम सामन्यासारखा साजरा केला.

वारेझाव हा काही तारा नव्हता. मग तो असे काय करत असे?

या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण टीव्हीवर चेंडूच्या मागे फिरणारा कॅमेरा नेमके हेच काम दाखवत नाही.

पहिली गोष्ट रिबाउंडची. शॉट चुकला की चेंडू रिंगवरून उसळतो आणि तो ज्याच्या हाती पडेल, त्या संघाला पुढची संधी मिळते. उंच माणसाला रिबाउंड आपोआप मिळतात असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. शॉट हातातून सुटण्यापूर्वीच प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला अंग लावून त्याला रिंगपासून दूर ठेवणे, कोणत्या कोनातून मारलेला चेंडू कोणत्या बाजूला उसळेल हे मनात धरून तिकडे सरकणे आणि पहिल्या उडीत तो हाती आला नाही तर जमिनीला पाय लागताच दुसरी उडी घेणे, या तिन्ही गोष्टी प्रत्येक शॉटला कराव्या लागतात. दहांपैकी सात वेळा ही मेहनत फुकट जाते, कारण चेंडू जाळीत तरी पडतो किंवा दुसरीकडे तरी उसळतो. तरीही आठव्या वेळी तीच मेहनत पुन्हा करायची असते. वारेझाव दुसरी उडी लवकर घेत असे, आणि चेंडू पकडता येत नसेल तर बोटांच्या टोकांनी तो मागे सहकाऱ्याकडे ढकलून देत असे.

दुसरी गोष्ट स्क्रीनची. चेंडू घेऊन येणाऱ्या आपल्या गार्डला वाट मोकळी करून देण्यासाठी उंच खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या मार्गात खांबासारखा उभा राहतो, त्याचा धक्का छातीवर झेलतो आणि लगेच वळून रिंगकडे धावतो. हे एका सामन्यात कितीतरी वेळा करावे लागते. प्रत्येक वेळी पास मिळेलच असे नाही, पण तो धावला म्हणून बचावातला एक माणूस त्याच्याकडे ओढला जातो आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या तिसऱ्याच सहकाऱ्याला मोकळा शॉट मिळतो. गुण त्या तिसऱ्याच्या नावावर लागतात.

तिसरी गोष्ट बचावातली. गार्डला अडवायला बाहेरपर्यंत यायचे आणि तेवढ्याच वेगाने मागे जाऊन आपला माणूस गाठायचा, हे इतक्या उंच माणसाला पायांनी जड जाते. त्याला ते जमत असे, आणि म्हणूनच २०१० मध्ये, बहुतेक सामन्यांत राखीव खेळाडू म्हणून उतरत असतानाही, त्याची लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात निवड झाली होती.

कबड्डी पाहणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. साखळीतल्या ज्या खेळाडूने चढाईपटूचा परतीचा रस्ता बंद केला, त्याचे नाव पकडीपुढे लागेलच असे नाही, पण मैदानाच्या कडेला बसलेल्या जाणत्या प्रेक्षकाला ती पकड कोणामुळे झाली हे ठाऊक असते. क्लीव्हलंडचे प्रेक्षक अशा अर्थाने जाणते होते.

‘चार्ज घेणे’ म्हणजे काय? आणि तो मुद्दाम पडण्याचे नाटक करत असे, हे खरे का?

रिंगकडे वेगाने येणाऱ्या खेळाडूच्या वाटेत बचावपटू आधीच जाऊन नीट उभा राहिला आणि आक्रमकाने त्याला धडक दिली, तर फाउल आक्रमकाचा ठरतो आणि चेंडू बचाव करणाऱ्या संघाला मिळतो. यालाच चार्ज घेणे म्हणतात. रिंगखाली चार फूट त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखलेले असते. मदतीला धावून आलेला बचावपटू त्याच्या आत उभा असेल तर त्याला चार्ज मिळत नाही. म्हणजे शंभर किलोचा माणूस धावत येत असताना पाय कुठे आहेत याचे भान ठेवायचे, त्याने झेप घेण्यापूर्वी जागा धरायची आणि मग ती धडक छातीवर घेऊन पाठीवर पडायचे. वारेझावने हे वर्षानुवर्षे केले.

आरोपाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, होय, धडक होती त्यापेक्षा मोठी दिसावी अशा रीतीने तो अनेकदा पडत असे, आणि इतर शहरांतले प्रेक्षक त्यावरून त्याची हुर्यो उडवत. २०१२-१३ पासून एनबीएने अशा नाटकाला दंड लावला: पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी ५,००० डॉलर आणि पुढे चढत्या क्रमाने ३०,००० डॉलरपर्यंत. चाहत्याने हा दोष नाकारू नये असे माझे मत आहे. पण दंडाची पद्धत सुरू झाली त्याच हंगामात त्याने कारकिर्दीतला सर्वोत्तम खेळ केला. तेव्हा त्याचा खेळ नाटकावर उभा होता, हे म्हणणे टिकत नाही.

हे काम आकड्यांत का दिसत नाही?

कारण त्या काळी ते अधिकृतपणे मोजलेच जात नव्हते. सामन्याच्या नेहमीच्या तक्त्यात गुण, रिबाउंड, असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेला पास), स्टील (हिसकावलेला चेंडू) आणि ब्लॉक (अडवलेला शॉट) असत. स्क्रीनमुळे झालेले बास्केट, हात लावून वळवलेले पास, जमिनीवर झेप घेऊन मिळवलेले मोकळे चेंडू आणि घेतलेले चार्ज यांची अधिकृत नोंद एनबीएने २०१६ मध्ये प्रसिद्ध करायला सुरुवात केली. वारेझावची ऐन भराची वर्षे तोवर सरली होती. त्याच्या बहुतेक कामाची नोंद प्रेक्षकांच्या स्मरणातच झाली आहे. मला त्याचे वाईट वाटते. पाच-सहा वर्षे आधी ही पद्धत आली असती तर आज वाद घालणाऱ्यापुढे आकडे ठेवता आले असते.

२०१२-१३ च्या हंगामाविषयी चाहते इतके हळवे का होतात?

कारण त्या वर्षी तिशीतल्या या खेळाडूने, कोणाची अपेक्षा नसताना, लीगमधल्या सगळ्या मोठ्या सेंटरांना मागे टाकले होते, आणि तेही संघ हरत असताना.

३० ऑक्टोबर २०१२ रोजी वॉशिंग्टनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने ९ गुण, २३ रिबाउंड आणि ९ असिस्ट अशी कामगिरी केली. सेंटरच्या नावापुढे ९ असिस्ट हा आकडा त्या काळात फार क्वचित दिसे. तो सामना क्लीव्हलंडने ९४-८४ असा जिंकला. दोनच आठवड्यांनी ब्रुकलिनमध्ये त्याने ३५ गुण केले आणि १८ रिबाउंड घेतले. कारकिर्दीतले ते त्याचे सर्वाधिक गुण होते, आणि तो सामना संघ ११४-१०१ असा हरला. हे दोन निकाल शेजारी ठेवले की त्या वर्षाची सगळी कथा समजते: एका माणसाने सर्वस्व ओतले तरी उरलेल्या उणिवा भरून निघत नाहीत.

पंचवीस सामन्यांनंतर त्याची सरासरी १४.१ गुण आणि १४.४ रिबाउंड अशी होती, आणि रिबाउंडच्या सरासरीत त्या वेळी तो लीगमध्ये पहिला होता. पुढे गुडघ्याजवळच्या स्नायूला दुखापत झाली, जानेवारीत शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर फुप्फुसात रक्ताची गुठळी सापडल्याने रुग्णालयात राहावे लागले. हंगाम तिथेच संपला. वर्षअखेरीस रिबाउंडचा पहिला क्रमांक ड्वाइट हॉवर्डला १२.४ या सरासरीवर मिळाला, कारण यादीत येण्यासाठी ७० सामने किंवा ८०० रिबाउंड आवश्यक होते. नियम योग्यच आहे. तरीही १४.४ हा आकडा क्लीव्हलंडमधले लोक आजही विसरलेले नाहीत.

तो निम्म्याहून अधिक सामने खेळलाच नाही. मग त्याला कष्टाळू कसे म्हणायचे?

आकडे खरे आहेत. लेब्रॉन गेल्यानंतरच्या पहिल्या तीन हंगामांतल्या २३० सामन्यांपैकी तो ८१ खेळला. २०११ च्या जानेवारीत घोट्याजवळचा स्नायुबंध फाटला, २०१२ च्या फेब्रुवारीत मनगट मोडले, आणि तिसऱ्या वर्षाची हकिगत वर आलीच आहे. त्यामुळे २६ पराभवांच्या मालिकेचा मोठा भाग आणि लेकर्सविरुद्धची ती मानहानी घडली तेव्हा तो कोर्टवर नव्हता. सगळा भार त्याने एकट्याने वाहिला असे म्हणणारा चाहता अतिशयोक्ती करतो.

परंतु या दुखापती आल्या कुठून, हेही पाहिले पाहिजे. जो खेळाडू प्रत्येक मोकळ्या चेंडूमागे जमिनीवर झेपावतो, दर सामन्याला धडका घेऊन पाठीवर पडतो आणि गर्दीत दोन-दोनदा उड्या घेतो, त्याचे शरीर इतरांपेक्षा लवकर झिजते. संघ मधल्या फळीत असता, चुरशीच्या सामन्यांपुरतीच अशी झोकून देण्याची वेळ आली असती, तर कदाचित तो अधिक टिकला असता. तसे जपून खेळणे त्याला जमले नाही, आणि वीस गुणांनी पिछाडीवर असलेल्या सामन्यातही चौथ्या सत्रात तो तसाच झेप घेताना दिसे. ज्यांनी हे पाहिले, त्यांना त्याची अनुपस्थिती आळशीपणाची वाटली नाही.

२०१३-१४ मध्ये तो ६५ सामने खेळला. २००७ मध्ये अंतिम फेरी गाठलेल्या क्लीव्हलंड संघापैकी तोवर तो एकटाच उरला होता.

हरणे संघाच्या हिताचेच होते ना? मग जिंकण्यासाठी झटणाऱ्याचे कौतुक कशाला?

हा प्रश्न एनबीएच्या रचनेतून येतो. हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पुढच्या ड्राफ्टच्या सोडतीत पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्या काळी शेवटच्या क्रमांकाच्या संघासाठी ती २५ टक्के होती, २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांसाठी प्रत्येकी १४ टक्के करण्यात आली. त्यामुळे संघ वाईट असेल तर आणखी वाईट व्हावा, असा हिशेब व्यवस्थापन आणि काही चाहतेही मांडतात.

क्लीव्हलंडच्या बाबतीत हा हिशेब गमतीशीर ठरला. २०११ मध्ये त्यांना पहिला क्रमांक स्वतःच्या १९ विजयांमुळे मिळाला नाही, तर क्लिपर्सकडून अदलाबदलीत आलेल्या संधीवर मिळाला, जिची शक्यता केवळ २.८ टक्के होती, आणि त्यातून कायरी अर्विंग हा तरुण गार्ड आला. २०१४ मध्ये ३३ सामने जिंकूनही १.७ टक्के शक्यतेवर त्यांना पुन्हा पहिला क्रमांक मिळाला. २०१३ मध्येही पहिला क्रमांक मिळाला होता, पण तेव्हा निवडलेला अँथनी बेनेट अपयशी ठरला. म्हणजे हरण्यातून मिळालेले मोठे लाभ हे बहुतांशी नशिबाचे होते. एखाद्या डिसेंबरच्या रात्री वारेझावने झेप घेतल्यामुळे संघाचे भविष्य बिघडले, असे कोणीही दाखवू शकणार नाही.

शिवाय अर्विंग त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. पहिल्या दिवसापासून ज्याच्या स्क्रीनच्या आडून त्याने खेळ शिकला तो सेंटर निकालाकडे न बघता मेहनत घेणारा होता, याचे मोल कोणत्याही सोडतीत मोजता येत नाही.

संघाने त्याला वेळीच दुसऱ्या संघाला देऊन टाकायला हवे होते का?

प्रत्येक वर्षी फेब्रुवारीतल्या अदलाबदलीच्या मुदतीपूर्वी त्याच्या नावाची चर्चा होत असे. विजेतेपदाच्या शर्यतीतल्या संघाला असा खेळाडू हवाच असतो, आणि २०१२-१३ च्या आरंभी त्याच्या बदल्यात बरेच काही मिळाले असते, असे मला वाटते. निव्वळ व्यवहार पाहिला तर त्याला ठेवणे ही चूक होती. पण रोज हरणाऱ्या ड्रेसिंगरूममध्ये नव्या मुलांनी कोणाकडे पाहून सराव करायचा, हा प्रश्नही खराच होता, आणि अशा वेळी जुना माणूस विकून टाकणारे संघ वर्षानुवर्षे तळालाच राहिलेले आपण पाहतो.

चाहते हे प्रेम व्यक्त कसे करत?

सर्वांत डोळ्यांत भरणारी गोष्ट म्हणजे केसांचे टोप. काही घरच्या सामन्यांना येणाऱ्या प्रेक्षकांना संघातर्फे त्याच्यासारख्या कुरळ्या केसांचे, कपाळपट्टा जोडलेले टोप वाटले जात, आणि मग आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळे स्टेडियम त्याच्यासारखे दिसू लागे. त्याला ‘वाइल्ड थिंग’ असे टोपणनाव होते.

मला मात्र टोपांपेक्षा टाळ्यांची वेळ महत्त्वाची वाटते. बास्केटबॉलच्या प्रेक्षकांचा आवाज बहुधा बास्केट झाल्यावर उठतो. वारेझावसाठी तो चार्ज मिळाल्यावर उठे, किंवा बाहेर जाणारा चेंडू त्याने अंग टाकून कोर्टवर परत फेकला, आणि त्यातून पुढे काहीही निष्पन्न झाले नाही, तरीही उठे. पराभूत संघाच्या खेळाडूला दयेपोटी टाळ्या मिळतात असे म्हणणाऱ्यांनी ही वेळ पाहावी. दयेच्या टाळ्या सामना संपल्यावर वाजतात.

क्लीव्हलंड हे पोलादाचे, गोदीचे, कष्टकऱ्यांचे शहर आहे म्हणून त्यांना कष्टाळू खेळाडू आवडतो, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते मला अपुरे वाटते. कष्टाळू खेळाडू प्रत्येक शहराला आवडतात. क्लीव्हलंडचे वेगळेपण हे की नुकताच त्यांचा ओहायोतच जन्मलेला सर्वांत मोठा खेळाडू त्यांना सोडून गेला होता, आणि त्याच वेळी हजारो मैलांवरून आलेला हा परका माणूस राहिला होता.

२००७ मध्ये तोही पैशांसाठी अडून बसला होता ना?

होय. करार संपल्यावर रक्कम जुळेना, म्हणून २००७-०८ च्या हंगामाचे पहिले काही आठवडे तो संघाबाहेर राहिला. डिसेंबरमध्ये शार्लट बॉबकॅट्सने त्याला देऊ केलेल्या कराराइतकी रक्कम क्लीव्हलंडने मान्य केली, तेव्हा तो परतला. त्या काळात अनेक चाहते त्याच्यावर रागावले होते. त्याच वर्षीच्या अंतिम फेरीतल्या तिसऱ्या सामन्यात, जो संघ ७५-७२ असा हरला, शेवटच्या क्षणांत पास देण्याऐवजी त्याने स्वतःच फिरून मारलेला शॉट चुकला होता, तोही राग ताजा होता. हे येथे मुद्दाम लिहिले आहे, कारण क्लीव्हलंडने त्याच्यावर आंधळे प्रेम केले असा समज होऊ नये.

२०१६ चे विजेतेपद त्याला मिळाले का?

या कथेतला हाच भाग सांगताना जीव कासावीस होतो. २०१४ मध्ये लेब्रॉन परतला, संघ पुन्हा बलवान झाला, आणि २३ डिसेंबर २०१४ रोजी वारेझावच्या डाव्या टाचेची शीर तुटली. तो हंगाम अंतिम फेरीपर्यंत गेला, पण त्याच्याशिवाय. फेब्रुवारी २०१६ मध्ये तीन संघांच्या अदलाबदलीत त्याला पोर्टलंडकडे धाडण्यात आले, पोर्टलंडने त्याला लगेच मोकळे केले, आणि गोल्डन स्टेट वॉरियर्सने करारबद्ध केले. जूनमध्ये अंतिम फेरीत समोर क्लीव्हलंडच उभे ठाकले. ३-१ अशा पिछाडीवरून कॅव्हेलियर्सनी मालिका फिरवली आणि १९ जून २०१६ रोजी सातवा सामना ९३-८९ असा जिंकला. १९६४ नंतर त्या शहराच्या मोठ्या व्यावसायिक संघाने मिळवलेले ते पहिले विजेतेपद होते, आणि बारा हंगाम राबलेला माणूस त्या रात्री दुसऱ्या बाजूच्या गणवेशात होता.

त्यानंतर तो क्लीव्हलंडला परतला का?

परतला, आणि पुन्हा हरणाऱ्याच संघात परतला. ब्राझीलमध्ये फ्लामेंगोकडून खेळून त्याने २०१९ मध्ये तिथले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. मे २०२१ मध्ये दुखापतींनी बेजार झालेल्या कॅव्हेलियर्सनी त्याला दहा दिवसांच्या करारावर बोलावले. वय ३८, संघाचे २२ विजय आणि ५० पराभव, हंगामाचे शेवटचे दोन आठवडे. तो पाच सामने खेळला. गुणतालिकेला त्या सामन्यांनी काही फरक पडणार नव्हता, हे त्यालाही ठाऊक होते. त्याच वर्षी संघाने त्याला तरुण खेळाडूंच्या घडणीसाठी सल्लागार आणि संघाचा जागतिक दूत म्हणून नेमले.

भारतातून हे सामने पाहायचे म्हणजे किती वाजता उठावे लागते?

क्लीव्हलंडला हिवाळ्यात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सुरू होतो. अमेरिकेत उन्हाळी वेळ लागू असताना साडेचारला. हरणार हे जवळजवळ ठरलेल्या सामन्यासाठी त्या वेळी उठणाऱ्याला घरचे लोक कारण विचारतात. मी तरी त्यांना वारेझावचेच नाव सांगत असे.

त्याचा एकच सामना पाहायचा असेल तर कोणता पाहावा, आणि कसा?

३० ऑक्टोबर २०१२ चा वॉशिंग्टनविरुद्धचा सामना मिळाला तर तो पाहावा. अर्विंगने त्यात २९ गुण केले, त्यामुळे नजर सतत त्याच्याकडे जाईल. पहिले सत्र तसेच पाहून घ्यावे. दुसऱ्या सत्रापासून चेंडूकडे पाहणे सोडून द्यावे आणि फक्त १७ क्रमांकावर डोळा ठेवावा: शॉट सुटण्यापूर्वी तो कोणाच्या अंगाला अंग लावतो, रिबाउंड घेऊन खाली येता येता मान कोणत्या बाजूला वळवतो, आणि स्क्रीन लावल्यावर पास मिळाला नाही तरी रिंगपर्यंत पूर्ण वेगाने धावतो की मध्येच थांबतो, हे पाहावे.